नियमांच्या पुस्तकाला क्रोशाचं कव्हर

आत्मस्तुती वाटली तर वाटू दे, पण क्रोशाच्या कामात माझा हात धरणारी मुलगी त्या काळच्या अख्ख्या डोंबिवलीत नव्हती! डोंबिवली तेव्हा केवढीशी होती, हे कृपा करून काढू नका. केवढीशी का असेना, अख्खी ती अख्खीच!

एक्कावन्न साली लग्न होऊन मी ठाण्याला, नौपाड्यात आले, ती एका ट्रंकेत साड्या आणि दुसरीत पांढऱ्या दोऱ्याची रिळं घेऊन. आल्या आल्या कामाला लागले. तांब्यावर रुमाल, फुलपात्रावर रुमाल, पाटाला झालर, आरशाला झालर, ह्यांच्या दाढीच्या सामानाला पिशवी. आमच्याकडे रेडिओ नव्हता, पण रेडिओचं कव्हर मी करून ठेवलं होतं! पुढे कित्येक वर्षांनी रेडिओ आला तेव्हा ते त्याला लहान झालं, ही गोष्ट वेगळी. हे म्हणायचे, "मी घरात एका जागी फार वेळ बसत नाही. न जाणो, उठेन तेव्हा अंगावर जाळी असायची!"

हे म्हणजे आमचे यजमान, त्र्यंबकराव. नाव मी आत्ता लिहितेय, तेव्हा घेत नसे. ठाण्यातच एका सरकारी कचेरीत ज्युनिअर क्लार्क होते. चालत जायचे, चालत यायचे. नौपाड्यात तेव्हा दुपारी अशी शांतता असायची, की स्टेशनावरून टांगा निघाला तर घोड्याच्या टापांवरून कुणाकडे पाहुणे आले ते आमच्या चाळीला कळायचं. सासरे मी यायच्या आधीच गेले होते. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. बाई प्रेमळ, पण सोवळ्याओवळ्याला कडक. आणि जिव्हाळ्याच्या म्हणाव्यात अशा त्यांच्या दोनच गोष्टी. एक मुलगा आणि दुसरी पोथी.

ही पोथी त्यांना नवव्या वर्षी, लग्नात, त्यांच्या वडिलांनी दिली होती. पुस्तकासारखी बांधलेली, जाडजूड. शिवण उसवलेली, पानं सुटी झालेली, आणि मध्ये माहेरच्या बागेतलं केवड्याचं एक पान जपून ठेवलेलं. सासूबाईंना सगळी पोथी तोंडपाठ होती. तरी त्या ती समोर घेऊन बसायच्या आणि पान उलटायची वेळ आली की पाखराला हात लावावा तसं अलगद उलटायच्या. मध्येच केवड्याचा वास घ्यायच्या. तेवढ्यापुरत्या त्या माहेरी जाऊन यायच्या, असं मला वाटायचं.

आता दुसरं पुस्तक. ह्यांना खात्याची परीक्षा द्यायची होती. दोनदा देऊन झाली होती आणि दोन्ही वेळा तीच ह्यांना पुरून उरली होती! ही शेवटची संधी. आता गचकले की जन्मभर ज्युनिअर क्लार्क. परीक्षा सगळी नियमांवर, आणि नियमांचं पुस्तक कचेरीत एकच, हेडक्लार्क सबनीससाहेबांच्या कपाटात.

सबनीससाहेब ते पुस्तक कुणाला देत नसत. त्यांचं म्हणणं असं, की माणसं बोटाला थुंकी लावून पानं उलटतात. ते स्वतः पान फूटपट्टीने उलटत! ह्यांनी किती विनवण्या केल्या तेव्हा म्हणाले, "त्र्यंबक, नवरात्रापुरतं नेतोस तर ने. दसऱ्याला सोनं द्यायला मी तुझ्याकडे येईन, तेव्हा परत नेईन. पण त्याला डाग पडला, तर परीक्षेत पास होऊनसुद्धा काही उपयोग होणार नाही. समजलं?"

ह्यांनी रजा काढली आणि अभ्यासाला बसले. पहिल्याच दिवशी माझ्या हातून चहा हिंदकळला आणि पुस्तकाच्या अगदी शेजारी सांडला. ह्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला!

"अहो, घाबरता काय?" मी म्हटलं. "मी ह्याला कव्हर करते."

"कागदाचं?"

"कागदाचं कशाला? घरात मी असताना?"

ह्यांनी मान डोलावली. मला उत्साह आला. कव्हर असं करायचं ठरवलं, की दोन्ही पुठ्ठे आत सरकतील असे खिसे, आणि जिथून पुस्तक उघडतं त्या बाजूला पाकिटासारखी झडप, म्हणजे धूळ आत जायला नको. मुक्या खांबांची घट्ट वीण आणि वर जाईच्या फुलांचा वेल. विणता विणता मनात आलं, सासूबाईंच्या पोथीलाही एक करून टाकू. आकाराने दोन्ही पुस्तकं सारखीच होती. नक्षीसुद्धा मी मुद्दाम सारखीच घेतली. नवऱ्याच्या पुस्तकाला एक वेल आणि सासूच्या पोथीला दुसरा, असं करून मला त्या घरात राहायचं नव्हतं का?

दोन्ही कव्हरं झाली. आता राहिली खळ. क्रोशाचं काम साबुदाण्याच्या खळीत बुडवून वाळवलं नाही तर ते फडक्यासारखं लोंबतं, हे कुठल्याही विणणारीला विचारा. आणि आकार नीट यायला ते वस्तूवरच वाळवायचं असतं. वाटीवरचा रुमाल वाटीवर वाळवतात, तांब्यावरचा तांब्यावर. मग पुस्तकाचं कव्हर कशावर वाळवायचं? तुम्हीच सांगा!

मी दोन्ही कव्हरं दाट खळीत बुडवली, पिळली, ओली असतानाच पुस्तकांवर चढवली, झडपा खाली दाबल्या आणि गॅलरीत उन्हात ठेवून दिली. ऑक्टोबरचं ऊन ते. दुपारपर्यंत दोन्ही पुस्तकं इतकी सुंदर दिसायला लागली, की शेजारच्या गंगुबाई म्हणाल्या, "अगोबाई! ही पुस्तकं आहेत की रुखवताचं सामान?"

हे तेव्हा वाण्याकडे गेले होते. परत आले आणि विचारते झाले, "माझं पुस्तक?"

गॅलरीत पुस्तक नव्हतं. एकही नव्हतं!

"पूजेत ठेवलीत," आतून सासूबाईंचा आवाज आला. "आज मूळ नक्षत्र. सरस्वती बसवली. म्हटलं, सुमतीने एवढी सजवून ठेवलीत तर ह्याच दोन ठेवू."

आत पाहतो तो पाटावर पाटी, पाटीवर सरस्वती आणि तिच्यापुढे शेजारी शेजारी दोन पांढरीशुभ्र कव्हरं! वर हळद, कुंकू, झेंडूची फुलं.

"आई, अगं मला ते वाचायचंय! परीक्षा आहे माझी!"

"आता दसऱ्याला विसर्जन होईपर्यंत पुस्तकाला हात लावायचा नाही. लहानपणी एरवीसुद्धा लावत नव्हतास, आताच काय झालं?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रुमाल विणायला घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई गंगुबाईंबरोबर कौपिनेश्वराला गेल्या. दार लोटलं गेलं आणि हे देवाजवळ धावले.

"कुठलं माझं?"

"डावीकडचं असेल."

ह्यांनी फुलं बाजूला केली, डावीकडचं उचललं आणि झडप ओढली. झडप हलेना. नखं घातली. हलेना! मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी ओढलं, तर पुस्तक धनुष्यासारखं वाकलं, पण उघडलं म्हणून नाही. दोरा उन्हात आटला होता आणि खळ झाली होती दगड.

"सुमती, हे उघडत का नाही?"

"दुसरं बघा."

दुसरंही तसंच! आता दोन्ही खाली, आमच्या दोघांच्या मध्ये.

"कात्री आण."

"कात्री कशी लावता? एक तर माझं काम जाईल, आणि ते आईंच्या पोथीवरचं निघालं तर?"

"अगं, मी तिसऱ्यांदा नापास होईन त्याचं काय?"

मी गरम वाफेचा उपाय सुचवला. चुलीवर पातेलं चढवलं. हे तर पुस्तक छातीशी घट्ट धरून, डोळे मिटून, दात आवळून झडप ओढतायत, कपाळावरून घाम गळतोय, आणि तेवढ्यात दार उघडलं. सासूबाई आणि गंगुबाई!

देऊळ बंद होतं म्हणून परत आल्या होत्या. मी दोन्ही पुस्तकं हिसकावून पाटावर ठेवली, वर फुलं टाकली. कुठलं डावीकडे होतं आणि कुठलं उजवीकडे, हे बघायला सवड कुणाला होती!

पण गंगुबाईंनी जे पाहायचं ते पाहिलं होतं. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "काय ही भक्ती! पुस्तक हृदयाशी धरलंय, घामाघूम झालेत, भान नाही! आमच्याकडचे पाहा, देवासमोर उभे राहिले तरी खिशात तपकीर शोधतात!"

झालं! संध्याकाळपर्यंत चाळभर बातमी. ज्याने सरस्वतीला असं आळवलं त्याच्याकडची पूजा जागृत असणार, असं म्हणून बायका आपापल्या मुलांची पुस्तकं घेऊन आमच्याकडे! भूगोल, अंकगणित, उजळणी, सगळं आमच्या पाटापुढे रचलं गेलं. मुलं आनंदाने वेडी झाली, कारण दसऱ्यापर्यंत कुणालाच अभ्यास नव्हता. देवापाशी सकाळपासून बायकांची ये-जा, आरत्या, भजनं. पुस्तकाच्या जवळ जायची सोय राहिली नाही. हे कोपऱ्यात बसून आठवतील तेवढे नियम पुटपुटायचे आणि येणारीजाणारी प्रत्येक बाई ह्यांना लांबून नमस्कार करायची!

मला खरंच वाईट वाटत होतं. गंमत सांगते आहे, पण ह्यांचा उतरलेला चेहरा मला अजून दिसतो. मी कौतुकाने केलं होतं हो! ह्यांचं भलं व्हावं म्हणूनच केलं होतं.

दसऱ्याला सकाळी विसर्जन झालं. मुलं रडत रडत आपली पुस्तकं घेऊन गेली. हे कात्री घेऊन पुढे झाले आणि दारात आवाज आला, "आहेत का त्र्यंबकराव?"

सबनीससाहेब! काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, हातात आपट्याची पानं. संध्याकाळी येणार ते सकाळीच आले. पुस्तकाशिवाय त्यांना करमेना म्हणे!

सोनं दिलं-घेतलं. ह्यांच्या हातून आपट्याचं पान खाली पडलं. साहेब म्हणाले, "पुस्तक?"

पाटावर दोन कव्हरं, दोन्ही सारखी. हे माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे. मग मी डोकं चालवलं. सरकारी नियमांचं पुस्तक ते, जड असणार! दोन्ही हातात दोन घेतली, तोललं आणि जे जड लागलं ते साहेबांना दिलं.

साहेबांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. जाईच्या वेलावरून बोट फिरवलं. मग झडप उघडायला गेले. उघडेना. पुन्हा ओढली. उघडेना! ह्यांनी डोळे मिटून घेतले. सासूबाई पूजेचं आवरता आवरता थांबल्या.

"सूनबाई," साहेब सावकाश म्हणाले, "हे उघडत नाही."

"नाही," मी म्हटलं. "म्हणजे... पुस्तक खराब होऊ नये म्हणून..."

"म्हणून उघडणारच नाही असं केलंत?"

"हो."

साहेबांनी टोपी काढली आणि चक्क डोळे पुसले!

"त्र्यंबक," ते म्हणाले, "सगळी नोकरी गेली रे माझी ह्याच विवंचनेत. तेलकापड घातलं, पुठ्ठे बदलले, कपाटाला कुलूप लावलं. पण पुस्तक खराब होतं ते लोक उघडतात म्हणून, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही! आणि वर तुम्ही त्याची पूजा केलीत. हळद, कुंकू, फुलं! कचेरीत ह्याच्यावर चहाचा कप ठेवणारे लोक आहेत!"

"पण साहेब," हे कसेबसे म्हणाले, "माझा अभ्यास..."

"अभ्यासाला पुस्तक कशाला? मी आहे ना! पाठ आहे मला सगळं. रोज माझ्याकडे ये."

आणि खरोखरच रोज हे टेंभी नाक्याला साहेबांच्या घरी जायला लागले. साहेब अंगणातल्या झाडांना पाणी घालता घालता नियम म्हणायचे आणि हे मागून बादली घेऊन चालत चालत ऐकायचे. पुस्तकातून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते बादली वाहताना शिरलं. परीक्षेचा निकाल लागला आणि हे पास! घरी येऊन ह्यांनी आधी आईला नमस्कार केला, मग पेढ्यांचा पुडा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "कव्हर छान झालं होतं हो." त्या एका वाक्यावर मी पुढे सगळ्या उशांना झालरी केल्या!

घरात राहिलेल्या पुस्तकाचं कव्हर मी दसऱ्यानंतर काढायला घेतलं, तर सासूबाईंनीच हात धरला. "असू दे. पानं सुटी झाली होती, प्रत्येक वेळी जिवाला धाकधूक. मला पाठच आहे. आता निदान विस्कटणार तरी नाही." मग त्या ते बंद पुस्तक समोर ठेवून पोथी म्हणायच्या. फूल वाहायच्या. क्वचित हातात घेऊन वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "खळीने केवड्याचा वास गेला गं." मला आत कुठेतरी लागायचं ते!

तिकडे कचेरीत साहेब ते कव्हर टेबलावर ठेवायचे, त्यावर हात ठेवून नियम सांगायचे आणि कुणी शंका काढली तर म्हणायचे, "पुस्तक समोर आहे!" उघडून दाखवा म्हणायची कुणाची छाती नव्हती. सगळी कचेरी तशी चालली, आणि चांगली चालली असं हे सांगतात.

अठ्ठावन्न साली साहेब निवृत्त झाले. हाराबिराचा समारंभ झाल्यावर त्यांनी ते पुस्तक ह्यांच्या हाती दिलं. "त्र्यंबक, ह्याची किंमत तुझ्या घराला आहे." हे ते घरी घेऊन आले. इतक्या वर्षांत एक टाका हलला नव्हता! मी अभिमानाने सासूबाईंना दाखवलं. त्या खाली बसून तांदूळ निवडत होत्या.

"आता मात्र उघडायला हवं," हे म्हणाले. "सगळे नियम माझ्या तोंडून ऐकतील असा मी साहेब नाही."

मी कात्री घेतली. आपल्या हातचं काम कापणं सोपं नसतं, पण कापलं. झडप सुटली, पुठ्ठा वर झाला आणि आतून काहीतरी सासूबाईंच्या ताटात, तांदळांवर पडलं.

लांबट, वाळलेलं, पिवळं पान. केवड्याचं!

सासूबाईंनी ते उचललं, नाकाशी नेलं आणि तशाच बसून राहिल्या. वास होता, अगदी पुसटसा. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "बाबांनी तोडून दिलं होतं गं," त्या म्हणाल्या, आणि साठीच्या पुढची ती बाई मला एकदम नऊ वर्षांची दिसली. पोथीचं एक पान विस्कटलं नव्हतं. साहेबांनी ती फुलासारखी जपली होती, नियमांचं पुस्तक समजून!

मग आम्ही तिघांनी हळूच मान वळवून देवघराकडे पाहिलं. तिथे दुसरं कव्हर होतं. हळदीकुंकवाने रंगलेलं, वर ताजं जास्वंदीचं फूल.

हे उठले, ते घेऊन आले आणि कात्री लावली. आत इंग्रजी. पहिल्या पानावर सबनीससाहेबांची सही आणि पुढे रजेचे नियम, बदलीचे नियम, पेन्शनचे नियम.

"म्हणजे," सासूबाईंनी डोळे पुसत विचारलं, "इतके चातुर्मास मी कशापुढे बसले?"

"रजेच्या नियमांपुढे, आई," हे म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

मी मनातल्या मनात डोंबिवलीची गाडी पकडली होती. सासूबाईंनी एकदा पोथीकडे पाहिलं, एकदा त्या इंग्रजी पुस्तकाकडे, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख उजेड पडला.

"तरीच!" त्या म्हणाल्या.

"तरीच काय?"

"तरीच तू पास झालास! तुला वाटत होतं, सबनिसांच्या झाडांना पाणी घालून झालास? रोज फुलं वाहत होते मी त्या नियमांना. पावणार नाहीत?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पोथीला नवं कव्हर करायला सांगितलं. वेल हवा तो घाल, पण झडप नको आणि खळीचं नाव काढू नकोस, असं बजावलं. नियमांच्या पुस्तकाला हे मला हात लावू देईनात. त्याला ह्यांनी स्वतः वर्तमानपत्राचा कागद घातला.

आता सासूबाई नाहीत, साहेब नाहीत, ती चाळही नाही. केवड्याचं पान मात्र माझ्याकडे आहे. आणि हातही अजून चालतो बरं का! कुणाला पुस्तकाला क्रोशाचं कव्हर हवं असेल तर खुशाल आणून द्या. फक्त पुस्तक आधी वाचून झालेलं असावं.